पेटवणे आणि पटवणे

महाराष्ट्र दिनाचा एक ठरलेला साज आहे. शिवाजी पार्कवर संचलन, हुतात्मा चौकात पुष्पचक्र, वर्तमानपत्रांत पानभर शुभेच्छा आणि संध्याकाळच्या कार्यक्रमात आचार्य अत्र्यांचे किस्से. या सगळ्यांतून आठवतो तो पेटलेला महाराष्ट्र, आणि तो आठवायलाच हवा. पण एक प्रश्न या दिवशी फारसा कोणी विचारत नाही. १ मे १९६० रोजी या राज्याचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. त्याच नेहरूंनी १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय आकाशवाणीवरून देशाला ऐकवला होता. मधल्या चार वर्षांत असे काय घडले की नाही म्हणणाऱ्याने हो म्हटले? लोकांना पेटवणे वेगळे आणि विरोधकाला पटवणे वेगळे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात दोन्ही झाले. आपण वारसा सांगतो तो मात्र पहिल्याचाच.

पेटवण्याचे मोल कमी नव्हते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला. जानेवारीतल्या घोषणेनंतर मुंबईत पुन्हा गोळ्या चालल्या. मोरारजी देसाई तेव्हा मुख्यमंत्री होते. या लढ्यात शंभराहून अधिक माणसे गेली. त्या संतापातून ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. कम्युनिस्ट, प्रजा समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, हिंदुमहासभा, जनसंघ असे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एका मांडवाखाली बसले. त्यांना बांधणारा धागा कोणत्या एका विचारसरणीचा नव्हता. आंध्राला १९५३मध्ये भाषेचे राज्य मिळाले, इतरांना मिळाले, मग आम्हालाच का नाही, ही अन्यायाची जाणीव सर्वांची होती. पण प्रत्येकाला त्या मागणीत आपापले मूल्य दिसत होते. गिरणी कामगाराला आपल्या घामावर उभे राहिलेले शहर दिसे, समाजवाद्याला डावललेली लोकेच्छा दिसे, हिंदुमहासभेच्या कार्यकर्त्याला शिवछत्रपतींचा वारसा दिसे. अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत तर सगळे राजकारण एका विरहाच्या दुःखात उतरले. ज्याला राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल वाचता येत नव्हता, त्यालाही मुंबईविना महाराष्ट्र म्हणजे काय, ते कळले. राजकारणात भावना आणणे म्हणजे लोकांना फसवणे, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावे. भावनेनेच इथे विषय समजावला.

तरीही पेटवण्याची एक मर्यादा असते. अत्र्यांचे दैनिक ‘मराठा’ १५ नोव्हेंबर १९५६ रोजी निघाले. त्या लेखणीने समितीच्या माणसाला बळ दिले, त्याला हसवले, लढत ठेवले. काँग्रेसच्या मराठी पुढाऱ्यांना त्या काळात सूर्याजी पिसाळाची उपमा सर्रास मिळे. सभेला ती आवडे. पण ज्याला फितूर म्हटले, तो माणूस रात्री घरी जाऊन आपल्या भूमिकेचा फेरविचार करत बसत नाही. तो आपल्या माणसांत जातो आणि आणखी घट्ट होतो. पटवण्याचे काम दुसऱ्या वाटेने झाले, आणि ती वाट विरोधकाच्या मूल्यांमधून जात होती.

नेहरूंना काय मोलाचे वाटत होते? फाळणीच्या जखमा ताज्या होत्या. भाषेच्या नावाने देश आणखी फुटेल ही भीती त्यांच्या मनात होती, आणि ती खोटी म्हणून उडवून लावण्यासारखी नव्हती. मुंबईतल्या गुजराती व इतर भाषक व्यापाऱ्यांनाही आपले काय होणार याची धास्ती होती. या भीतीला उत्तर देणारी माणसेही याच लढ्यात होती, पण त्यांच्या नावाने घोषणा होत नाहीत. डॉ. आंबेडकरांनी १९४८मध्ये दार आयोगाला दिलेल्या निवेदनात मुंबईवरील महाराष्ट्राच्या हक्काबाबतचे आक्षेप एकेक करून तपासले. धनंजयराव गाडगिळांनी अर्थशास्त्राच्या अंगाने बाजू मांडली. चिंतामणराव देशमुख तर नेहरूंच्याच मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते. १९५६मध्ये त्यांनी राजीनामा दिला, तेव्हा दिल्लीला कळले की हा प्रश्न केवळ रस्त्यावरच्या जमावाचा नाही. रस्त्यावर शंभर वेळा दिलेली घोषणा दिल्लीत जे करू शकली नाही, ते घरातल्याच एका शांत माणसाच्या राजीनाम्याने केले.

दुसरा प्रसंग प्रतापगडचा. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी नेहरू शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले. महाराजांविषयीच्या त्यांच्या जुन्या लिखाणावरून रोष होता, मुंबईचा राग त्याहून मोठा होता. काळे झेंडे दाखवायचे ठरले. वाटेच्या दोन्ही बाजूंना हजारो माणसे उभी राहिली. एक दगड भिरकावला गेला असता तरी दिल्लीला हवे ते कारण मिळाले असते. एस. एम. जोशींसारख्या समितीच्या नेत्यांचा शांततेचा आग्रह तिथे कामाला आला. दगड पडले नाहीत. लोकशाहीचा पुरस्कार करणाऱ्या पंतप्रधानासमोर लोकांनी लोकशाहीच्याच रीतीने आपला नकार उभा केला. ज्या मूल्याची शपथ तुम्ही घेता, त्याच मूल्याने आम्ही तुम्हाला प्रश्न विचारतो, असा त्या निदर्शनाचा अर्थ होता. त्यावर देशद्रोहाचा शिक्का मारता येत नव्हता.

तिसरे नाव यशवंतराव चव्हाणांचे. संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंना निवडू, असे त्यांनी सांगितले आणि महाराष्ट्राचा रोष पत्करला. हा रोष समजण्यासारखा होता. पण याच निष्ठेमुळे पुढे त्यांच्या शब्दाला दिल्लीत वजन आले, हेही तितकेच खरे. १९५७च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला धूळ चारली. विदर्भ, मराठवाडा आणि गुजरातच्या बळावर, तोवर स्थापन झालेल्या मराठी-गुजराती द्विभाषिक मुंबई राज्याचे सरकार टिकले. ज्याची निष्ठा संशयातीत आहे अशा माणसाने, हे राज्य लोकांनी स्वीकारलेले नाही, असे सांगणे आणि समितीच्या पुढाऱ्याने तेच सांगणे यांत फरक होता. पहिल्याच्या सांगण्याला आव्हान समजता येत नव्हते. १९५९मध्ये इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या, प्रश्न पुन्हा उघडला गेला आणि डिसेंबरमध्ये काँग्रेस कार्यकारिणीने द्विभाषिकाच्या विभाजनाला मान्यता दिली. गुजरातशी आर्थिक तडजोड झाली. उद्घाटनाचा मान खुद्द नेहरूंना मिळाला. विरोधकाला मान खाली न घालता मत बदलता येईल अशी वाट ठेवणे, हा पटवण्यातला सर्वांत अवघड भाग आहे. तो इथे साधला.

यावर कोणी म्हणेल, हे मूल्य वगैरे सगळे नंतरचे साजशृंगार; खरे कारण मतपेटी. त्यात तथ्य आहे. १९५७चा दणका बसला नसता तर दिल्ली हलली नसती. पण पराभव झाला की सत्ताधारी समजूतदार होतोच असे नाही. तो अधिक हट्टीही होतो, दडपशाहीही करतो. मतांनी दिल्लीला ऐकायला भाग पाडले. ऐकून हो म्हणता यावे, अशी कारणे मात्र देशमुखांनी, एस. एम. जोशींनी आणि यशवंतरावांनी पुरवली.

अलीकडे सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांनीही हे तपासले आहे. मॅथ्यू फाइनबर्ग आणि रॉब विलर या संशोधकांनी अमेरिकेत केलेल्या आणि २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की बहुतेक माणसे विरोधकाला पटवताना युक्तिवाद रचतात तो स्वतःच्याच मूल्यांवर. समोरच्याच्या मूल्यांवर बेतलेला युक्तिवाद अधिक परिणाम करतो. लष्करी खर्चाची बाजू समतेच्या भाषेत मांडली तर उदारमतवादी ऐकून घेतात, समलिंगी विवाहाची बाजू देशाभिमानाच्या भाषेत मांडली तर परंपरावादी थबकतात. दोन्ही बाजूंना भावना असतात. फक्त त्या वेगवेगळ्या शब्दांना जाग्या होतात.

राज्याचा निर्णय झाल्यावरही पटवण्याचे काम संपले नव्हते. हे राज्य मराठी असेल की मराठा, असा थेट प्रश्न पत्रकार-साहित्यिक ग. त्र्यं. माडखोलकरांनी विचारला. या भीतीची टिंगल न करता, ते मराठीच असेल, अशी ग्वाही यशवंतरावांनी जाहीरपणे दिली. विदर्भाला १९५३च्या नागपूर कराराने लेखी शब्द दिला होता, म्हणून आजही विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरते. त्या करारातले विकासाचे शब्द किती पाळले गेले, हा प्रश्न विदर्भ अजून विचारतो, आणि तो रास्त आहे. मूल्याला हात घालून मन वळवले आणि नंतर शब्द पाळला नाही, तर पुढच्या वेळी कोणी ऐकत नाही. १९६२च्या निवडणुकीचा धडाही विसरू नये. ज्या समितीने महाराष्ट्र पेटवला ती तोवर फुटली होती, आणि काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. संतापावर लढा उभा राहतो, पण संताप संपल्यावर लोक राज्य चालवू शकणाऱ्याकडे वळतात.

आजच्या महाराष्ट्राकडे पाहिले तर पेटवण्याचा धंदा तेजीत आहे. गद्दार, अंधभक्त, देशद्रोही, चमचे हे शब्द कोणत्याही एका पक्षाच्या मालकीचे राहिलेले नाहीत. २०२५मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून वाद झाला, तेव्हा दोन्ही मार्ग पुन्हा शेजारीशेजारी दिसले. सहा वर्षांच्या मुलावर तिसऱ्या भाषेचा भार नको, हे शिक्षकांचे आणि पालकांचे म्हणणे होते. ते सत्ताधारी पक्षाच्या मतदारालाही पटत होते, कारण मूल त्याच्याही घरी होते. शासनाच्याच भाषा सल्लागार समितीने निर्णय रद्द करण्याची मागणी केली आणि २९ जूनला सरकारने त्यासंबंधीचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. त्याच सुमारास मीरा रोडला मराठीवरून एका दुकानदाराला मारहाण झाली आणि चर्चा मुलांच्या दप्तरावरून दांडगाईवर गेली. मराठीच्या बाजूने कमावलेली सहानुभूती एका थपडेने उणी झाली. जे पटवून मिळवले ते पेटवून घालवले.

आरक्षण असो, सीमाप्रश्न असो की पाणीवाटप, पुढचे प्रश्न यापेक्षा अवघड आहेत. त्यांत दोन्ही बाजूंना माणसे आहेत आणि दोन्ही बाजूंना न्यायाची जाणीव आहे. त्यासाठी गप्प बसावे किंवा धार बोथट करावी असे नाही. संयुक्त महाराष्ट्रवाले गप्प बसले नव्हते. पण व्यासपीठावर चढणाऱ्या प्रत्येकाने आणि मोबाइलवर मजकूर पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने एवढे तरी स्वतःला विचारावे: समोरच्याला कशाची भीती वाटते, त्याला काय प्राणापलीकडे जपावेसे वाटते, आणि माझ्या म्हणण्यात त्याला जागा आहे का? टाळ्या आपल्याच माणसांच्या मिळतात, निर्णय बदलायला दुसरी माणसे लागतात. हुतात्म्यांना वाहिलेल्या फुलांसोबत या १ मे रोजी आपापल्या पक्षाबाहेरच्या एका तरी माणसाशी, त्याला शिवी न देता, त्याच्या मूल्यांच्या भाषेत बोलून पाहावे. मुंबईसह महाराष्ट्र मिळाला तो अशा बोलण्यामुळेही.