पांढरा चहा विका, पण दवा म्हणून नको

गेल्या काही वर्षांत ‘पांढरा चहा’ शहरांतील मोठ्या दुकानांतून आपल्या किराणा आणि मसाल्याच्या पेढ्यांपर्यंत येऊन पोहोचला आहे. डब्याचे वजन 50 ग्रॅम, किंमत पाहिली तर गिऱ्हाईक दचकते. मग दुकानदार त्याला समजावतो की, याने वजन उतरते, साखर ताब्यात राहते, कर्करोग जवळ येत नाही. आमच्या मते हा माल ठेवण्यात काही गैर नाही, गैर आहे ते हे सांगणे.

आधी माल ओळखावा. ही झाडाची वेगळी जात नव्हे. काळा, हिरवा आणि पांढरा असे तिन्ही चहा एकाच झाडाचे. फरक कामात आहे. पांढऱ्या चहासाठी न उमललेली कळी, फार तर तिच्यालगतची एक-दोन कोवळी पाने खुडतात आणि ती न मळता, न कुटता नुसती सुकवतात. कळीवर रुपेरी लव असते, त्यावरून हे नाव पडले. कपातला चहा मात्र फिकट पिवळा दिसतो. याचे माहेर चीनच्या फुजियान प्रांतातील फुदिंग आणि झेंगहे हे भाग. आता दार्जिलिंग, आसाम, निलगिरी आणि श्रीलंकेतही तो बनतो. निव्वळ कळ्या हाताने वेचायच्या, आणि एक किलो तयार मालाला ओली खुडणी चार-पाच किलो लागते. महाग असण्याचे कारण हे आहे, औषधी गुण नव्हे.

गुण नाहीत असे नाही. कॅटेचिन नावाची द्रव्ये यात भरपूर असतात आणि जुन्या पानांच्या मानाने कळीत फ्लोराइड कमी असते. पण वजन आणि कर्करोगाबद्दल जे सांगितले जाते, त्यातले बहुतेक प्रयोग काचेच्या नळीत किंवा उंदरांवर झालेले आहेत, माणसांवरचे थोडे. ‘यात कॅफिन नसते’ हे तर साफ चूक. कोवळ्या कळीत कॅफिन चांगलेच असते, झोप न येणाऱ्याला रात्री हा चहा देऊ नये. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2024 च्या आहारविषयक सूचनांत जेवणाआधी आणि नंतर एक तास चहा टाळा असे म्हटले आहे, कारण त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. अशक्तपणा असलेल्या बायकांना हे जरूर सांगावे.

खरा फायदा वेगळाच आहे. हा चहा दूध-साखरेशिवाय पितात. दोन चमचे साखरेचे चार कप रोज पिणारा माणूस चहातूनच तीसहून अधिक ग्रॅम साखर घेतो. ती सुटली तर लाभ होणारच. पण तो साध्या काळ्या चहानेही होतो, आणि स्वस्तात!

मधुमेहाच्या गिऱ्हाइकाने आपल्या शब्दावर गोळी बंद केली तर काय, याचा विचार दुकानदाराने करावा. कायदाही आहे. 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा यांवर इलाज म्हणून जाहिरात करण्यास मनाई आहे, तर 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. गल्ल्याजवळ चिकटवलेली हाताने लिहिलेली पाटीसुद्धा जाहिरातच.

मग विकावा कसा? चवीवर. उकळते पाणी ओतू नका, दोन-चार मिनिटे निवू द्या, मग 2 ग्रॅम पाने घालून चार-पाच मिनिटे झाका. तीच पाने पुन्हा एकदा चालतात. समजा भाव किलोला 10,000 रुपये पडला, तर एका वेळची पाने 20 रुपयांची आणि दोनदा वापरल्यावर कप 10 रुपयांचा. हा हिशेब गिऱ्हाइकाला पटतो.

खरेदी आधी पाव किलोचीच करावी. कळ्या अखंड आणि लवदार हव्यात, तळाला भुकटी नको. आणि मसाले, अगरबत्ती, अत्तर विकणाऱ्यांनी खास जपावे: चहा शेजारच्या मालाचा वास लगेच धरतो. घट्ट झाकणाच्या टिनच्या डब्यात, वेगळ्या फळीवर, उन्हापासून आणि पावसाळी दमटपणापासून लांब ठेवावा. लवंगेचा वास लागलेला पांढरा चहा कोणी परत नेत नाही.