बादली काही चिकटेना!

बालमित्रांनो, आज एक असा प्रश्न घेऊ, जो परीक्षेत येत नाही, पण घरोघरी पडतो. पारदर्शक पट्टी मोडली की फेव्हिक्विकच्या दोन थेंबांत जोडली जाते. मग तडा गेलेल्या बादलीवर तीच ट्यूब अख्खी रिकामी केली, तरी पाणी का गळतं? दुसऱ्या दिवशी वाळलेला थर पापुद्र्यासारखा हातात येतो आणि आई म्हणते, "डुप्लिकेट माल दिला मेल्याने!"

दुकानदाराचा दोष नाही बरं का. ‘प्लास्टिक’ हे नाव नाही, ते आडनाव आहे. घरात पाच-सात भावंडं आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा. पट्टी बहुधा पॉलिस्टायरीनची, नळाचा पाईप पीव्हीसीचा. बादली, डबे आणि आपल्या जळगावच्या एमआयडीसीत तयार होणाऱ्या चटया मात्र पॉलिप्रॉपिलीन नाहीतर पॉलिथिलीनच्या. ही दोन भावंडं कुणाला जवळ येऊ देत नाहीत!

मेणबत्तीवर पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो पसरत नाही, गोळा होऊन बसतो. पॉलिथिलीन हे मेणाचंच जवळचं नातेवाईक. डिंक पसरलाच नाही, तर धरणार कुठे?

हे आपल्या खानदेशातल्या शेतकऱ्याला पुस्तक न वाचता ठाऊक आहे. रावेर-यावलकडे केळीच्या मळ्यात ठिबक बघा. जाड पीव्हीसी पाईपला तो सॉल्व्हंट सिमेंट लावतो, पाईप फिरवून आत बसवतो आणि थोडा वेळ दाबून धरतो. केळीच्या ओळीतून जाणारी काळी नळी पॉलिथिलीनची. ती तुटली तर तो डिंक शोधत बसत नाही. मध्ये जॉइनर खुपसतो की झालं काम!

सॉल्व्हंट सिमेंट तर खरं म्हणजे नुसता डिंक नाहीच. ते दोन्ही पाईपांचे पृष्ठभाग थोडेसे विरघळवतं, ते एकमेकांत मिसळतात आणि द्रव उडून गेला की दोघांचा मिळून एकच पाईप होतो. म्हणून ते फक्त आपल्या भावंडालाच चालतं. बादलीला लावाल तर पैसे पाण्यात. त्याची वाफ नाकात जाऊ देऊ नका आणि जवळ काडी पेटवू नका.

मग भावंड ओळखायचं कसं? वस्तूच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. अमेरिकेत १९८८ साली ही खुणांची पद्धत निघाली. २ आणि ४ म्हणजे पॉलिथिलीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. आकडा नसेल तर तुटलेला बारीक तुकडा पाण्यात बुडवा, बुडबुडे झटकून सोडून द्या. वर तरंगला तर बहुतेक वेळा न चिकटणाऱ्यांपैकी. बुडाला तर फेव्हिक्विक किंवा दोन ट्यूबवालं अ‍ॅराल्डाइट वापरून बघायला हरकत नाही. जोडण्याआधी कडा पॉलिश पेपरने घासा, तेलकटपणा पुसा. आणि डिंक थोडाच लावा. जास्त लावला की जास्त घट्ट, हा मोठ्यांचाही गैरसमज आहे.

फेव्हिक्विकसारखे डिंक हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतात. म्हणूनच बोटांना इतक्या पटकन पकडतात! बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात ठेवा. कापसाने तर मुळीच पुसू नका, कापसाशी गाठ पडली की तो इतका तापतो की चटका बसतो. डोळ्यात उडाला तर पाण्याने धुवा आणि थेट डॉक्टरांकडे. पाण्याच्या बाटलीला, डब्याला आतून डिंक नकोच.

आता राहिली आपली बादली. पालकहो, ती सांधायची तर उष्णतेनेच. त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी तापल्या हत्याराने वितळवून तड्यात भरायची. हे काम जाणकाराचं, मोकळ्या हवेत करायचं. मुलांच्या हाती देऊ नका. तडा बुडाशी असेल तर त्या बादलीत माती भरून तुळस लावलेली बरी.

आमच्या मेहरूणच्या मुलांना सर्वांत जास्त मजा आली ती पाण्याच्या बाटलीची. विकतच्या बाटलीचा कापलेला तुकडा आणि तिचंच झाकण, दोन्ही पाण्यात बुडवून सोडा. एक खाली जातं, दुसरं वर येतं. कोणतं, ते तुम्हीच बघा.