अख्ख्या बॅगेची ऑर्डर

परीक्षा संपत आल्या की आपल्या दुकानांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'सुट्टीत गोव्याला चाललोय, काहीतरी छान हवंय.' त्यावर आपलं उत्तरही ठरलेलं असतं. माडांची नाहीतर मोठाल्या फुलांची छपाई असलेला शर्ट, तसल्याच छपाईचा घोळदार ड्रेस, आणि कापड बहुधा पॉलिएस्टर. गिऱ्हाईक ते पंख्याखालच्या आरशात बघतं आणि खूश होऊन घेऊन जातं. मालवणच्या नाहीतर कळंगुटच्या दुपारी मात्र तोच शर्ट पाठीला चिकटतो आणि बाकीची सहल घरच्या जुन्या टी-शर्टवर काढावी लागते. पैसे देऊन, हौसेने घेतलेला कपडा बॅगेत पडून राहतो. शिवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला याचं वाईट वाटायला हवं.

किनाऱ्यावरच्या मे महिन्याचा त्रास नुसत्या तापमानाचा नाही. पारा तिथे साधारण ३३-३४ अंशांच्या आसपास असतो, चंद्रपूरसारखा ४५ला जात नाही. पण हवेत बाष्प इतकं की घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. अशा हवेत कापड स्वतः किती ओलावा शोषतं हे महत्त्वाचं. २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता या प्रमाण स्थितीत सुती धागा आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओलावा धरतो, लिनन १२ टक्के आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. हे आकडे काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ हवेत. धावपटूंसाठी खास विणलेलं पॉलिएस्टर घाम पसरवून लवकर वाळतं हे खरं, पण छापील ड्रेसचं दाट, गुळगुळीत कापड त्या जातीचं नसतं.

सुती म्हटलं की प्रश्न सुटला, असंही नाही. जाड सुती कापड एकदा भिजलं की दमट हवेत दिवसभर ओलं राहतं. म्हणून मलमल, व्हॉइल, केंब्रिक अशी पातळ कापडं काढावीत. लिनन अंगचंच ताठ असल्यामुळे त्वचेपासून जरा सुटं राहतं आणि वारा खेळू देतं. ते चुरगळणारच, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावं. त्या सुरकुत्या शोभतात. प्रवासासाठी मला सगळ्यांत आवडतं ते सीरसकर. विणताना उभ्या धाग्यांच्या काही पट्ट्या सैल सोडल्यामुळे त्याला कायमच्या चुण्या पडतात, त्या कापडाला अंगापासून दूर ठेवतात आणि इस्त्रीची गरजच उरत नाही. व्हिस्कोस थंड लागतं, अंगावर सुंदर पडतं, पण ओलं झालं की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते आणि आधी पाण्यातून काढलं नसेल तर आटतं. पाण्यात खेळायच्या कपड्यांसाठी ते देऊ नये.

आणि अस्तर! वरून मलमल, आतून स्वस्त पॉलिएस्टर, असे कुर्ते आपल्याकडे सर्रास शिवले जातात. गिऱ्हाईक किंमत मोजतं सुती कापडाची आणि अंगाला लागतं ते पॉलिएस्टर. अस्तर हवंच असेल तर पातळ सुतीच घाला. नाहीतर फक्त छातीपर्यंत घाला, किंवा वेगळी सुती शमीज शिवून द्या. कॉलरच्या बकरमचंही तेच. उन्हाळी शर्टाला कडक कॉलर कशासाठी?

बेतण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. १९८० साली 'नेचर'मध्ये नेगेव वाळवंटातल्या बेदुइन लोकांच्या काळ्या झग्यांवरचा एक अभ्यास आला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो, पण झगा सैल असला की ती जादा उष्णता त्वचेपर्यंत पोचत नाही, आतली खेळती हवा ती वाहून नेते, असं त्यात दिसलं. वाळवंट कोरडं आणि आपला किनारा दमट, तरी आपल्यासाठी त्यातला धडा घेराचा आहे. अंगाबरोबर फिटिंग देण्यालाच आपण वर्षानुवर्षं कौशल्य मानत आलो. सैल कपडा बेढब न दिसता शिवणं त्याहून अवघड आहे. खांदा अचूक ठेवून मुंढा थोडा खाली घेणं, घेर खालपर्यंत सरळ सोडणं, बाही रुंद पण कोपराच्या वर संपवणं, यात शिंप्याचा हात दिसतो.

माडांच्या शर्टाचंच बघा. हवाईचा तो शर्ट १९३० च्या दशकात होनोलुलूत रुळला. उघडी, सपाट कॉलर, सैल आखूड बाही, न खोचता घालायचा सरळ तळ, अशी ती बेटावरच्या हवामानाची बेतणी होती. आपण छपाई उचलली आणि बेतणी सोडून दिली. गोव्याला स्वतःचे रंग नाहीत असंही नाही. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी पांढऱ्या, सुट्या, वाऱ्यावर हलणाऱ्या कपड्यांवर उभी कारकीर्द केली आणि गोव्याच्या कुणबी साडीची लाल-पांढरी चौकट पुन्हा वापरात आणली. तशी चौकट जाडऐवजी पातळ सुतात विणली तर गोव्याला जाणाऱ्यासाठी त्याहून देखणं काय असेल?

आपण एकेक कपडा शिवतो आणि गिऱ्हाईक भरतं बॅग. विमानाने जायचं तर स्वस्त तिकिटावर साधारण १५ किलो वजन मिळतं, रेल्वेत ते आपल्याच खांद्यावर येतं. म्हणून ऑर्डर अख्ख्या बॅगेची घ्या. किती दिवस, कोण कोण, होड्या-किल्ले आहेत का, देवदर्शन आहे का, हे विचारा. गोव्यातल्या अनेक देवळांत तोकड्या कपड्यांत प्रवेश नाही, तेव्हा गुडघ्याखाली येणारा आणि खांदे झाकणारा एक तरी जोड हवाच. पाच दिवसांसाठी दोन सुरवारी किंवा पँट आणि दोन्हींवर चालणारे चार टॉप पुरतात, त्यातून आठ जोड्या होतात. रंग दोनच धरा, समजा पांढरा आणि नीळ, आणि छपाई एकाच कपड्यावर. वरून घालायला गडद निळा, पूर्ण बाह्यांचा, उघडा शर्ट द्या. पातळ पांढरं कापड भिजलं की ऊन बरंच कमी अडवतं, गडद कापड जास्त अडवतं. बिल एका भडक ड्रेसपेक्षा मोठं होईल आणि प्रत्येक कपडा नंतर वर्षभर ऑफिसातही चालेल.

निघायची तारीख ऑर्डर लिहितानाच वहीत टिपून ठेवा आणि कपडे किमान आठ दिवस आधी हाती द्या. घरी एकदा धुऊन, अर्धा दिवस घालून बघू द्या. मुंढा काचला, आसन आखूड वाटलं तर दुरुस्तीला वेळ राहतो. त्यासाठी आत पुरेशी माया सोडा. मे उजाडला की लग्नाच्या ब्लाउजांखाली टेबल दिसत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. सुट्टीच्या ऑर्डरी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतच घ्या आणि तशी पाटी दुकानात आजच लावा.