झाडणाऱ्यानेंच वेचावें

वर्गांत कोणाच्या हातून कांच फुटली, तर “कोणीं फोडली?” एवढें विचारून आम्ही शिक्षक थांबत नाहीं. ज्याच्या हातून ती फुटली त्यास तुकडे वेचावयास लावतों, आणि जागा स्वच्छ होईपर्यंत तेथें कोणास अनवाणी फिरूं देत नाहीं. वर्गांतला हा साधा नियम युद्धानंतर मोठमोठ्या राष्ट्रांनीं पाळावा कीं नाहीं, याचा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं अवश्य करावा.

अणुभट्टीसाठीं युरेनियम समृद्ध केल्यावर जो भाग शिल्लक राहतो, त्यास निःसत्त्व युरेनियम म्हणतात. हा धातु शिशाहून सुमारें १.७ पट दाट असल्यामुळें रणगाडे भेदणाऱ्या गोळ्यांत तो वापरतात. नैसर्गिक युरेनियमापेक्षां त्याचा किरणोत्सर्ग कमी असतो. परंतु गोळी पोलादावर आदळली म्हणजे पेट घेते व तिची सूक्ष्म धूळ होते. ती शरीरांत गेल्यास मूत्रपिंडांस अपाय होऊं शकतो. ज्या गोळ्यांचा नेम चुकतो, त्या जमिनींत रुतून गंजत राहतात.

१९९९ सालीं कोसोव्होच्या युद्धांत नाटोच्या विमानांनीं अशा सुमारें ३१,००० गोळ्या झाडल्या. त्या विमानांवरील तोफ एका सेकंदांत साठांहून अधिक गोळ्या झाडते. परंतु त्या नेमक्या कोठें पडल्या याचा तपशील संयुक्त राष्ट्रसंघाच्या हातीं येण्यास वर्ष उलटावें लागलें. त्याच युद्धांत माँटेनिग्रोच्या आर्झा भूशिरावरहि मारा झाला होता. तेथें तज्ज्ञांनीं पुढें यंत्रें घेऊन जमीन तपासली आणि गोळ्या व दूषित माती उकरून काढली. क्षणांत झालेल्या कामाची निरवानिरव अशी फार वेळ चालते.

यावर कोणी म्हणेल, “धोका अल्प आहे, मग एवढा खटाटोप कशाला?” संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण विभागानें २००१ सालीं कोसोव्होविषयीं अहवाल दिला, त्यांत मोठ्या भीतीचें कारण आढळलें नाहीं, हें खरें. पण त्याच अहवालानें गोळ्या गोळा करण्याचा व पिण्याचें पाणी तपासत राहण्याचा सल्ला दिला आहे. बोस्नियांत १९९४-९५ सालीं पडलेल्या गोळ्यांचें वजन सात वर्षांत सुमारें चतुर्थांशानें घटलें होतें; पंचवीस ते पस्तीस वर्षांत त्या पूर्णपणें गंजून मातींत मिळतील, असा त्या विभागाचा अंदाज होता. तो काळ आतां आलाच आहे. यापुढें वेचावयास गोळी उरणार नाहीं. राहील ती माती, आणि त्या मातींतून झिरपणारें पाणी.

२०१० सालीं राष्ट्रसंघाच्या महासभेनें असा ठराव केला कीं, ज्यांनीं हीं शस्त्रें वापरलीं त्यांनीं त्यांचीं ठिकाणें व प्रमाण पीडित राष्ट्रास मागणी होतांच कळवावें. पण महासभेचा ठराव म्हणजे विनंती, बंधन नव्हे. माझ्या मतें तें बंधनच असावयास हवें, आणि सफाईचा खर्चहि झाडणाऱ्यावरच पडावा. युद्ध न्याय्य होतें कीं अन्याय्य, हा वाद विद्वानांनीं खुशाल घालावा. त्या शेतांत उद्यां नांगर धरणारा शेतकरी त्या वादांत पक्षकार नव्हता. त्यास आपल्या मातींत काय पडलें आहे, एवढें तरी कळलेंच पाहिजे.