स्वयंपूर्ण गाडी आणि तीन कॅन पाणी

कॅरॅव्हॅनच्या सहलीचे फोटो टाकल्यापासून नातेवाइकांचं एकच पालुपद चालू आहे. "किती छान! हॉटेल नको, कुणाचे उपकार नकोत, आपलं घर आपल्याबरोबर." नागपूरच्या मावशीने तर 'गोगलगायीसारखं' अशी उपमाही दिली. आणि आमचे हे सगळ्यांना ऐटीत सांगत सुटलेत, "आम्ही गावाचं काही घेतलं नाही हो, सगळं आमच्यापाशी होतं."

मी आठवडाभर गप्प बसले. आता लिहितेच. (ह्यांनी वाचलं तरी चालेल, नाहीतरी भांडण तिथेच होऊन गेलंय.)

होळीनंतरच्या आठवड्यात आम्ही चार दिवसांसाठी गाडी भाड्याने घेतली होती. आत पलंग, छोटा फ्रिज, शेगडी, बेसिन आणि उभं राहून अंघोळ करता येईल एवढी मोरी. तिसऱ्या दिवशी मुक्काम पोशीरला, नेरळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावर, ओळखीतल्या एकांच्या आमराईत. पहाटे कोकिळा ओरडत होती, आंब्याला कैऱ्या लगडल्या होत्या. हे सगळं खरंच सुंदर होतं, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

सकाळी आठ वाजता टाकीतलं पाणी संपलं. शंभर लिटरची टाकी. आम्ही दोघांनी अंघोळी केल्या, रात्रीची भांडी घासली, झालं. चालवायला बरोबर आलेला मुलगा कॅन घेऊन निघाला, मीही त्याच्यामागे गेले. पहिल्याच घरातल्या बाईंनी दारातल्या पिंपातून तीन कॅन भरून दिले. मी पैसे पुढे केले तर त्या म्हणाल्या, "पाण्याचे काय पैसे घ्यायचे ताई? पण आज नळ नाय यायचा हां, जपून वापरा." गावच्या नळाची विहीर नदीच्या काठालाच आहे, हेही त्यांनीच बोलता बोलता सांगितलं.

तेव्हा 'गावाचं काही घेतलं नाही' हे पहिलं वाक्य सकाळी आठलाच बाद झालं.

दुसरं वाक्य, 'आम्ही दोघंच होतो'. दोघंच? मग आमचे जोडीने फोटो काढले कुणी? तो मुलगा रात्री पुढच्या सीटवर पाय दुमडून झोपत होता आणि मागे आम्ही पलंगावर. चार दिवसांत एकाही फोटोत तो नाही. भाड्याच्या हिशेबात ड्रायव्हर 'समाविष्ट' होता, पण त्याने झोपायचं कुठे ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नाही.

दिवसभर भटकलो. कळंब, कशेळे करत आंबिवलीच्या लेण्यात गेलो. नदीकाठच्या कातळात कोरलेलं साधंसं बौद्ध लेणं. पुढे खांबांची ओसरी, आत मोठं दालन, भिंतीलगत दगडी बाक आणि तिन्ही बाजूंना मिळून भिक्षूंच्या बारा खोल्या. अजिंठ्याची सवय असलेल्याला फार काही वाटणार नाही. मी मात्र त्या बाकावर बराच वेळ बसले, कारण आत छान गारवा होता आणि बाहेर ऊन मी म्हणत होतं. वर्षावासात म्हणजे पावसाळ्याचे महिने भिक्षूंनी एका जागी राहायचं असा नियम होता, आणि जेवण मिळवायचं ते गावात भिक्षापात्र घेऊन जाऊन. म्हणजे दगडाचं इतकं पक्कं घर असूनही त्यांची भाकरी गावातून यायची आणि ते तसं उघड मान्य करत होते. पात्र हातात घेऊन दारात उभं राहणं याहून उघड काय असतं? आमच्याकडे फ्रिज होता, त्यामुळे आम्हाला असं उभं राहावं लागलं नाही.

बाहेर रस्त्यावर 'घरगुती जेवण मिळेल' अशी पाटी होती. आम्ही तिच्यासमोर गाडी लावली आणि डोंबिवलीच्या मॉलमधून आणलेलं पनीर गाडीतच शिजवून खाल्लं. समोरचा माणूस दोनदा बाहेर डोकावून गेला. मला तेव्हाच लाजल्यासारखं झालं होतं, पण पनीर खराब झालं असतं ना! मग कोथळीगडाचं ते नरसाळ्यासारखं टोक खालूनच पाहिलं (माझे गुडघे), दोन चहा आणि काकड्या घेतल्या. पूर्ण दिवसात त्या भागात आम्ही साठ रुपये खर्च केले. पर्यटनाने गावात पैसा येतो म्हणणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

संध्याकाळी आमराईत परतल्यावर मुलाने विचारलं, "काका, खालची टाकी भरलीय, कुठे सोडू?" खालची टाकी म्हणजे मोरीचं आणि बेसिनचं पाणी. ह्यांनी उताराकडे बोट दाखवलं. मी हातपाय धुवून बाहेर येईपर्यंत फेस कोरड्या ओहोळातून नदीच्या दिशेने निघालेला होता. त्याच नदीच्या काठी ती विहीर. त्यावरून आमचं भांडण झालं, ते कोकिळेनेही ऐकलं असेल.

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेल्या पार्कांची कल्पना आहे. कल्पना चांगली आहे. पण आमच्यासारखे लोक पार्क शोधतच नाहीत, आम्हाला 'निसर्गात' राहायचं असतं.

दीर म्हणतात, "तीन कॅन पाण्याने काय बिघडतं वहिनी?" तीन कॅनने काही बिघडत नाही. पण नेरळ-कळंब रस्त्यावरच्या फार्महाऊसच्या पाट्या मी मोजायला घेतल्या आणि कंटाळून सोडल्या, पोहण्याचा तलाव जवळपास प्रत्येक पाटीवर. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण उतार मोठा आणि कातळ पाणी धरत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या आदिवासी वाड्यांना टँकर लागतात. पाऊस बघायला आपण जुलैत जातो, टँकर मे महिन्यात येतो. आपली आणि त्याची गाठच पडत नाही.

आणि हे आजचं नाही. भिवपुरीच्या वीजगृहातली वीज १९२२ पासून मुंबईकडे जाते आहे. १९४२ साली भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या तारांचे मनोरे पाडले, युद्धाचे कारखाने बंद पडावेत म्हणून. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील मारले गेले. तार इथून कुठे जाते हे त्या पोरांना पक्कं माहीत होतं. आपल्याला बटण दाबताना माहीत असतं का?

आता पाण्याची पाळी आहे. पोशीर नदीवरच्या धरणाला मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, खर्च सहा हजार कोटींहून अधिक, साठा बारा टीएमसीच्या वर. पाणी मुंबई महानगर प्रदेशाला, पिण्यासाठी आणि उद्योगांसाठी. चहाच्या टपरीवर दोन म्हातारे त्याबद्दलच बोलत होते. कुणाची जमीन जाणार, किती मिळणार, कुठे जायचं. ह्यांनी त्यांना विचारलं, "इथे बघण्यासारखं अजून काय आहे हो?"

धरण नको असं मी म्हणत नाही. मी डोंबिवलीत राहते, माझ्या नळाला पाणी लागतंच. मला राग येतो तो 'आम्ही काही घेत नाही' या वाक्याचा. घेतो, भरपूर घेतो. त्या बाईंच्या पिंपातून घेतलं ते निदान आम्ही बघितलं तरी.

ह्यांना डिसेंबरमध्ये हीच गाडी घेऊन तळकोकणात जायचंय. मी माझ्या अटी कागदावर लिहून दिल्यात: ड्रायव्हरला दर रात्री गावात खोली, दोन्ही वेळचं जेवण तिथल्या खानावळीत, आणि खालची टाकी कुठे रिकामी करायची ते निघण्याआधी ठरवायचं. कागद फ्रिजवर लावलाय. घरच्या फ्रिजवर. ह्यांनी अजून सही केलेली नाही, खोलीचा खर्च फार होतो म्हणतात.