पेठांपलीकडच्या आठवणी

पुण्याच्या आठवणी म्हटल्या की त्या बहुधा पेठांच्या असतात. वाड्याचा दिंडी दरवाजा, चौकातला हौद, गणपतीचा मांडव, मंडईची वाट, नूतन मराठी विद्यालयातला एखादा वर्ग आणि तिथले कडक मास्तर, हे सारे आपण इतक्या वेळा वाचले आहे की ज्याने असा वाडा उभ्या जन्मात पाहिला नाही त्यालाही त्याचा जिना पाठ झाला आहे. त्या लेखनाविषयी माझ्या मनात आदर आहे. परंतु पुणे तेवढेच नाही. किर्लोस्कर न्युमॅटिक कंपनी १९५८ साली निघाली, तिचा कारखाना हडपसरला. भारत फोर्ज १९६१ साली स्थापन झाली, ती मुंढव्याला. सीरम इन्स्टिट्यूट १९६६ साली सुरू झाली, तीही हडपसर-मांजरीच्याच परिसरात. या कारखान्यांच्या भोंग्यांवर ज्यांच्या घरचे डबे भरले गेले, अशा दोन-तीन पिढ्यांची मुले या पट्ट्यात लहानाची मोठी झाली. त्यांच्या गल्ल्या कोणत्या, शाळा कोणत्या, शाळेची वाट कोणती, हे सांगणारे लेखन किती आहे? विद्येच्या माहेरघरात आठवणींची वाटणीसुद्धा सारखी झालेली नाही, असे मला वाटते.

मी याच पट्ट्यातली. माझे वडील करमाळा तालुक्यातून कामासाठी इकडे आले आणि एका लहानशा वर्कशॉपमध्ये लेथवर उभे राहिले. माझा जन्म मांजरीतला आणि प्राथमिक शिक्षणही इथलेच. तेव्हा हा विषय माझ्या घरचा आहे हे आधीच सांगून टाकते. मात्र मला येथे बालपणाचे गोडवे गायचे नाहीत. ‘आमच्या वेळी’ या दोन शब्दांनी सुरू होणारे लेखन बहुधा उसाशावर येऊन थांबते. ऊस गेला, बैल गेले, आंब्याची झाडे गेली आणि इमारती आल्या, एवढे सांगून लेखक मोकळा होतो. माझे म्हणणे वेगळे आहे. औद्योगिक वस्तीतल्या बालपणाचा खरा इतिहास लिहायचा असेल, तर मनातल्या आठवणींच्या जोडीला शाळेतले जनरल रजिस्टर उघडले पाहिजे, आणि हे काम आपल्यासारख्या कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी केले पाहिजे.

प्रथम रस्त्यांविषयी. गाडीतळावरून सोलापूर रस्त्याने निघालेल्या बसमध्ये थांब्यांची नावे कानावर पडतात: आकाशवाणी, पंधरा नंबर, मांजरी फार्म, शेवाळवाडी. पेठांच्या नावांत वार आहेत, पेशव्यांच्या घराण्यातली माणसे आहेत. आमच्या नावांत काम आहे. गाडीतळ हे नाव गाड्यांच्या मुक्कामाचे. मांजरी फार्म हे नाव सरकारी शेतीचे. या शतकाच्या आधीच्या शतकात, साखर कारखाने गावोगाव उभे राहण्यापूर्वी, उसावरचे सरकारी प्रयोग या फार्मवर झाले, आणि १९३२ साली ऊस संशोधनाचे केंद्र पाडेगावला उभे राहिले. मांजरीची ओळख पिकांनीही जपली आहे. बाजारात ‘मांजरी गोटा’ नावाचे मोठे, गोल, पांढुरक्या रेषांचे वांगे मिळते. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ साली येथे आले आणि रसासाठी काढलेल्या त्यांच्या द्राक्षाच्या वाणाचे नाव ‘मांजरी मेडिका’ असे पडले. साखर धंद्याची शिखर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटही येथेच आहे. तिची स्थापना १९७५ सालची. करोनाच्या काळात, २०२१ साली, कोविशील्ड लशीच्या कुप्या या परिसरातून देशोदेशी गेल्या. थोडक्यात, वांगे, द्राक्ष, ऊस, लस या सर्वांच्या इतिहासात मांजरीची नोंद आहे. नोंद नाही ती येथे वाढलेल्या मुलांची.

वस्तुतः ती नोंद आहे, पण कपाटात आहे. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असते. जाड पुठ्ठ्याचे, लांबट, कापडी पाठीचे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात शाळा सोडल्याचा जो दाखला आहे तो या रजिस्टराची नक्कल होय. त्यात मुलाचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, पूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण आणि शेवटी शेरा असे रकाने असतात. आमच्या घरात असे दोन दाखले आहेत. दादाच्या दाखल्यावर ‘पूर्वीची शाळा’ या रकान्यात करमाळा तालुक्यातल्या गावाचे नाव आहे. माझ्या दाखल्यावर तो रकाना कोरा आहे. आमचे घर गाव सोडून शहरात आले, ते त्या दोन कागदांच्या मध्ये. वडिलांनी या विषयावर कधी चार वाक्येही सांगितलेली नाहीत. दाखल्यांनी मात्र ते सांगून टाकले.

आता हाच रकाना एका मुलापुरता न वाचता पन्नास वर्षे खाली खाली वाचत गेलो तर काय दिसेल? १९७२ च्या दुष्काळानंतर जन्मस्थळाच्या रकान्यात कोणते जिल्हे आले? १९८२ चा मुंबईतला गिरणी संप फिसकटल्यावर परळ-लालबागच्या शाळांची नावे ‘पूर्वीची शाळा’ म्हणून इकडे आली काय? सोलापूरच्या गिरण्या बंद पडल्यावर काय झाले? उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटक ही नावे कोणत्या सालापासून दिसू लागतात? कारखानदारीचा इतिहास आपण कंपनीच्या स्थापनेच्या सालावरून सांगतो. माणसे कधी आली हे मात्र कंपनी सांगत नाही, ते शाळेचे रजिस्टर सांगते. कारण माणूस कामाला एकटा येतो, आणि मुलाचे नाव शाळेत घातले की तो तेथे राहायला आला असे समजावे.

‘सोडण्याचे कारण’ हा रकाना तर याहून बोलका आहे. थेऊरचा यशवंत सहकारी साखर कारखाना २०११ च्या सुमारास बंद पडला. तोवर दिवाळीनंतर आमच्या बाजूच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरत. पाचटाच्या कोप्या उभ्या राहत. पहिलीत असताना माझ्या शेजारी कोपीवरचा एक मुलगा बसत असे. त्याला बैलांविषयी सर्व काही ठाऊक होते आणि पाढे माझ्याहून चांगले येत. होळीच्या सुमारास तो दिसेनासा झाला. त्याच बाकावर बागायतदाराची मुलगी होती, घोड्यांच्या फार्मवरच्या मोतद्दाराचा मुलगा होता, आणि लेथवाल्याची मुलगी म्हणजे मी होते. अशा हंगामी मुलाची नोंद कधी होतच नाही, आणि झाली तर पुढे ‘सतत गैरहजर’ असा शेरा पडून नाव कमी होते. तो मुलगा गैरहजर नव्हता. त्याचे घरच उठून दुसऱ्या जिल्ह्यात गेले होते. यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. रकान्यात मावेल तेवढेच ते लिहिणार. परंतु हे शेरे कोणत्या महिन्यात पडले हे जर कोणी मोजले, तर हंगाम आणि शाळा यांचे नाते कागदावर स्पष्ट होईल.

मुलींच्या बाबतीतही तसेच. ज्या काळी गावातली शाळा सातवीपर्यंत होती, तेव्हा पुढे शिकायचे म्हणजे हडपसर गाठावे लागे. रयत शिक्षण संस्थेच्या साधना विद्यालयात जाणाऱ्या मुलींना सोलापूर रस्ता म्हणजे मोठा अडथळा. सातवीनंतर किती मुलींची नावे पुढच्या शाळेच्या रजिस्टरात उतरली आणि किती मधल्या वाटेवर गळाली, याचा हिशेब दोन रजिस्टरे शेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही. रस्ता आणि शाळा हे दोन विषय नाहीत. शाळेच्या वाटेवर हमरस्ता, रेल्वेचे फाटक किंवा पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा मुळा-मुठेवरचा पूल आला, की तो मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न होतो. आजही आमच्या भागातली मुले शाळेत चालत जाताना फारशी दिसत नाहीत. ज्यांना परवडते त्यांना रिक्षा आणि पिवळ्या बस घेऊन जातात. त्याबरोबर एकाच बाकावर वेगवेगळ्या घरांतली मुले बसणेही कमी झाले. ऊस गेल्यापेक्षा मला याचे दुःख अधिक आहे.

आपल्याकडे ही रजिस्टरे उघडली जात नाहीत असे नाही. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि त्यासाठी लोक शाळांचे उंबरे झिजवतात. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ साली राज्यभर जुनी दप्तरे धुंडाळली गेली, त्यांत शाळांची रजिस्टरेही होती. हा माणसांच्या हक्काचा प्रश्न आहे, आणि तो शोध झालाच पाहिजे. मात्र एकाच रकान्यासाठी उघडायचे आणि बाकीचे न वाचता मिटायचे, हे एखादा ग्रंथ केवळ अनुक्रमणिकेसाठी विकत घेण्यासारखे झाले.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, रजिस्टरात लोकांची खाजगी माहिती असते; जात असते; ती विद्यार्थ्यांच्या हाती कशी द्यावी? आक्षेप रास्त आहे. म्हणून नाव आणि जात यांना हातच लावू नये. मुख्याध्यापकांच्या परवानगीने, त्यांच्याच कार्यालयात बसून, केवळ जन्माचा तालुका, पूर्वीच्या शाळेचे गाव, सोडल्याचा महिना आणि कारण एवढेच मोजावे. आपल्याला आकडे हवेत, माणसांची गुपिते नकोत. दुसरा आक्षेप असा की, हे काम संशोधकांचे; बी. ए. च्या मुलांनी परीक्षा सांभाळावी. यावर मी मुंबईकडे बोट दाखवीन. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलते केले आणि २००४ साली त्यांच्या तोंडून त्या वस्तीचा इतिहास ग्रंथरूपाने पुढे आला. नारायण सुर्वे गिरणगावात वाढले, महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई आणि मग शिक्षक झाले, आणि ‘माझे विद्यापीठ’ हा त्यांचा संग्रह १९६६ साली निघाला. गिरणगाव मराठी वाचकाला ठाऊक आहे ते तेथल्या माणसांमुळे. आपल्या पट्ट्याविषयी आपण नाही तर कोण लिहिणार?

आणि हे काम उद्यावर टाकण्यासारखे नाही. मांजरी बुद्रुक आणि शेवाळवाडी ही गावे २०२१ साली पुणे महापालिकेत आली. १९६२ साली जिल्हा परिषदा निर्माण झाल्या तेव्हापासून ज्या शाळा त्यांच्याकडे होत्या, त्या महापालिकेकडे सोपवण्याचा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. घर बदलताना माळ्यावरच्या वस्तूंचे काय होते हे आपण सर्व जाणतो. शाळांच्या बाबतीत माळ्यावर असतात ती जुनी रजिस्टरे. वाळवी, गळके छप्पर आणि ‘हे जुने काय करायचे?’ हा प्रश्न, या तिघांत तिसरा अधिक घातक आहे.

म्हणून आमच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. इतिहास, भूगोल आणि अर्थशास्त्र या तीन विभागांनी मिळून दरवर्षी परिसरातली एक शाळा निवडावी. चार विद्यार्थ्यांनी तिचे रजिस्टर मोजावे. मराठी विभागातल्या चौघांनी त्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांबरोबर एकदा त्यांची शाळेची वाट चालावी आणि त्यांना आठवते ते लिहून घ्यावे. आकडे चुकीची आठवण दुरुस्त करतील, आणि आठवण कोरड्या शेऱ्यामागचे माणूस दाखवील. या नियतकालिकाने त्यासाठी दोन पाने राखून ठेवावीत. पहिल्या वर्षी काम अपुरे होईल, दुसऱ्या वर्षी थोडे बरे होईल. दहा वर्षांत दहा शाळा झाल्या, तर हडपसर-मांजरीच्या मुलांचा इतिहास आपल्या हाती असेल, आणि कोपीवरून शाळेत येणाऱ्या मुलाच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ याहून खरे काही लिहिता येईल.