एका खोलीतले चार हाजी

हजचा नंबर लागला की आपल्या घरांमध्ये तयारी सुरू होते. एहराम विकत घेतला जातो, लसीकरण होते, तरबियती कॅम्पमध्ये तवाफ कसा करायचा, सईचे फेरे कसे मोजायचे, जमरातवर खडे कसे मारायचे हे मौलाना साहेब नीट समजावून सांगतात. गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे 130 किलोमीटर. तिथून आपल्या जिल्ह्याचे हाजी विमानात बसतात. स्टेशनवर सोडायला निम्मा मोहल्ला येतो. गळाभेटी होतात, ‘कहा-सुना माफ’ होते.

पण एक गोष्ट कोणत्याही कॅम्पमध्ये फारशी शिकवली जात नाही. ती म्हणजे एका खोलीत तीन अनोळखी माणसांबरोबर महिनाभर कसे राहायचे. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांचा मुक्काम साधारण 40 दिवसांचा असतो. त्यातले हजचे खरे दिवस पाच-सहा. मदिन्यात आठ-नऊ दिवस. बाकीचे सगळे दिवस मक्केत अजीजिया भागातल्या इमारतींमध्ये जातात. खाटेला खाट लागलेली, एक फ्रीज, एक बाथरूम. एका कव्हरमध्ये पाचपर्यंत माणसे असतात, पण खोली कव्हर पाहून मिळेलच असे नाही. अलीकडे पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या खोल्याही वेगळ्या केल्या जातात. त्यामुळे चाळीस वर्षे ज्यांनी एकमेकांची औषधे सांभाळली, ते चाचा एका खोलीत आणि चाची दुसऱ्या खोलीत. दोघांच्याही शेजारी अनोळखी माणसे.

परत आलेल्या हाजींकडे आम्ही दरवर्षी मुबारकबाद द्यायला जातो. खजूर आणि जमजम मिळते. काबा पहिल्यांदा पाहिला तेव्हाची हकिगत ऐकताना डोळे भरून येतात. आणि थोड्या वेळाने, आवाज जरा खाली करून, खोलीतल्या भांडणाच्या गोष्टी निघतात. जवळजवळ प्रत्येकाकडे एक तरी असतेच.

सगळ्यात जास्त भांडणे होतात ती एसीच्या रिमोटवरून. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, पण घराघरांत कूलर असतो आणि खिडकी उघडी असते. तिथे बंद खोली आणि रात्रभर एसी. एकाला 18 वर लावल्याशिवाय झोप येत नाही, दुसऱ्याचे गुडघे धरतात, तिसऱ्याला खोकला झालेला असतो. रात्री दोन वाजता कोणीतरी उठून एसी बंद करतो, तीन वाजता दुसरा उठून चालू करतो. एका चाचांनी तर रिमोट उशीखाली घेऊन झोपायला सुरुवात केली. ते सांगताना हसत होते, पण त्यांच्याच खोलीतले दुसरे हाजी ही गोष्ट हसून सांगत नाहीत.

दुसरे ठिकाण बाथरूम. फजरच्या आधी चौघांनाही एकाच वेळी उठायचे, वुजू करायचा, हरमला जाणारी बस पकडायची. एक जण आत गेला की पाऊण तास बाहेर येत नाही. आपल्याकडच्या सवयीने फरशीवर भरपूर पाणी ओतले जाते. तिथली फरशी गुळगुळीत असते. पाय घसरून मांडीचे हाड मोडलेला हाजी अरफातला कसा जाणार, हा विचार त्या वेळी कोणाच्या मनात येत नाही. खेड्यातून आलेल्या काही वयस्क मंडळींनी कमोड कधी वापरलेला नसतो आणि विचारायला लाज वाटते. अशा वेळी खोलीतल्या तरुणाने हसू नये. दार लावून, शांतपणे, एकदा दाखवून द्यावे. एवढ्याशा कामात म्हाताऱ्या माणसाची अब्रू झाकली जाते.

बायकांच्या खोलीतली तक्रार वेगळी असते, आणि ती जास्त खोल जाते. घरी व्हिडिओ कॉल लागतो. नातू म्हणतो, ‘दादीजान, खोली दाखवा.’ दादीजान कौतुकाने मोबाइल चारी बाजूंना फिरवतात. पलीकडच्या खाटेवर एक बाई दुपट्ट्याविना झोपलेली असते. कुठल्या तरी गावातल्या बैठकीत, घरातल्या सगळ्या पुरुषांसमोर, ती पडद्यावर दिसते. आयुष्यभर पर्दा सांभाळलेल्या त्या बाईला हे कळले तर तिने काय करावे? ती रडली, ओरडली, म्हणून ‘हजमध्ये भांडते’ असे तिलाच ऐकवणे हा दुसरा अन्याय झाला. व्हिडिओ कॉल खोलीच्या बाहेर, इमारतीच्या व्हरांड्यात. ही गोष्ट पहिल्या दिवशीच ठरवून टाकावी. 2018 पासून 45 वर्षांवरील स्त्रियांना मेहरमशिवाय, चौघींच्या गटाने हजला जाण्याची मुभा मिळाली. अशा भगिनींना तर खोलीतल्या बाकीच्या जणी हाच आधार असतो. तिथे एकमेकींची लाज राखणे हे घर राखण्यासारखेच आहे.

फ्रीजची एक गोष्ट आम्हाला विसरता येत नाही. चौघांत एक लहान फ्रीज. एका हाजींनी टरबूज आणले, जागा होईना, म्हणून आतली एक छोटी डबी काढून खिडकीत ठेवली. त्या डबीत दुसऱ्या हाजींचे इन्सुलिन होते. दिवसभराच्या उन्हात ते खराब झाले. डबी कोणाची, कशाची, हे विचारायला अर्धा मिनिट लागला असता. सुदैवाने दवाखान्यातून दुसरे मिळाले. पण ज्यांच्या हातून हे झाले ते हाजी नंतर कितीतरी रात्री झोपले नाहीत. म्हणून डबीवर नाव लिहावे. आणि साखर, रक्तदाब, दमा यांपैकी जे असेल ते खोलीतल्या तिघांना सांगून ठेवावे. आजार लपवण्यात कसली इज्जत नाही. बायको दुसऱ्या खोलीत आहे. रात्री साखर उतरली तर तोंडात खडीसाखर घालणारा हात शेजारच्या खाटेवरचाच असणार.

आता खाण्याचे. आपण भंडारा-गोंदियाची माणसे भात खाणारी. भात नसेल तर जेवल्यासारखे वाटत नाही. शेजारी मराठवाड्याचे किंवा खानदेशचे हाजी असले तर त्यांना भाकरी हवी. जेवणाच्या चवीवरून कुरबूर होणारच. धोका सुरू होतो तो कोणी खाटेखालून विजेची शेगडी काढून खोलीतच डाळ-भात शिजवतो तेव्हा. ‘चार मुठी तांदूळ शिजवले तर काय बिघडते?’ असे विचारणाऱ्यांनी 15 एप्रिल 1997 आठवावा. त्या दिवशी मीनाच्या तंबूंमध्ये स्वयंपाकाच्या गॅसवरून आग लागली. वारा जोराचा होता. 343 हाजींचा जीव गेला, दीड हजारांच्या आसपास जखमी झाले. त्यांत भारत, पाकिस्तान, बांगलादेशचे हाजी खूप होते. त्यानंतरच मीनामध्ये आगीला दाद न देणारे तंबू आले आणि तिथे गॅसवर स्वयंपाक बंद झाला. खोलीत शेगडी लावायची नाही हा नियम कोणाच्या लहरीतून आलेला नाही. त्यामागे कबरी आहेत. खोलीतला कोणी शेगडी लावत असेल तर त्याला थांबवणे म्हणजे भांडण करणे नव्हे.

या सगळ्यापेक्षा वाईट गोष्ट एकच आहे, आणि ती म्हणजे संशय. एका हाजींचे काही शे रियाल सापडेनात. बॅग उलटीपालटी केली, गादी उचलली. मग ते तोंडाने काही बोलले नाहीत, पण शेजारच्या खाटेकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ सगळ्यांना कळला. दुपारपर्यंत पूर्ण मजल्यावर बातमी फिरली. दोन दिवसांनी पैसे त्यांच्याच कमरपट्ट्याच्या आतल्या कप्प्यात निघाले. ज्यांच्याकडे पाहिले गेले ते त्यांच्याच गावचे, लांबच्या नात्यातले. दोघेही हज करून आले. दोघांच्या घरांवर ‘हज मुबारक’चे फलक लागले. आणि आज ईदच्या नमाजला ते वेगवेगळ्या सफांमध्ये उभे राहतात, दोन घरांमधले लग्नाचे आमंत्रण बंद आहे. हजला जाण्यापूर्वी ज्यांनी दारोदार फिरून माफी मागितली होती, त्यांनी परत येताना एक वैर सोबत आणले.

कुरआनने हे आधीच सांगून ठेवले आहे. सूरह बकराच्या 197 व्या आयतीत हजच्या काळात तीन गोष्टींना मनाई आहे: कामुक बोलणे-वागणे, गुनाहचे काम आणि भांडण. पहिल्या दोन गोष्टींपासून आपण जपतो. तिसरी मात्र ‘होतेच थोडेफार’ म्हणून सोडून देतो. सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत वाईट संशय, दुसऱ्याच्या गोष्टी चोरून शोधणे आणि पाठीमागे निंदा करणे यांना एकाच ओळीत बसवले आहे. त्या मजल्यावर दुपारपर्यंत नेमके हेच झाले होते. आणि सूरह निसाच्या 36 व्या आयतीत ज्यांच्याशी चांगले वागायचे त्यांची यादी आहे. आईबाप, नातेवाईक, अनाथ, गरजू, शेजारी यांच्यासोबत त्या यादीत ‘साहिब बिल-जंब’ हा शब्द येतो, म्हणजे बाजूला असलेला सोबती. प्रवासातला साथीदारही त्यात येतो असे मुफस्सिरांनी सांगितले आहे. शेजारच्या खाटेवर घोरणारे चाचा हे त्या यादीतले आहेत. त्यांचा आपल्यावर हक्क आहे.

हजरत उमर (रजि.) यांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. एकाने दुसऱ्या माणसाची खात्री दिली तेव्हा त्यांनी विचारले, ‘तू त्याचा शेजारी आहेस का? त्याच्याशी पैशांचा व्यवहार केला आहेस का? त्याच्याबरोबर प्रवास केला आहेस का?’ तिन्हींचे उत्तर नाही आले, तेव्हा ते म्हणाले, मग तू त्याला ओळखत नाहीस. अजीजियाच्या खोलीत शेजार, पैसा आणि प्रवास हे तिन्ही एकत्र येतात.

मग करायचे काय? प्रवासात तीन जण असले तरी एकाला अमीर करावे, अशी रसूलुल्लाह (सल्ल.) यांची शिकवण हदीसमध्ये आहे. आपण ती तबलीगच्या प्रवासात पाळतो. खोलीतही पाळावी. पहिल्या रात्री, सामान उघडण्याआधी, चौघांनी दहा मिनिटे बसावे. एकाला अमीर निवडावे. तो सगळ्यात वयस्क असण्याची गरज नाही, पण ऐकून घेणारा असावा. एसी 24-25 वर ठेवावा आणि एसीसमोरची खाट तरुणाने घ्यावी. बाथरूमचा क्रम ठरवावा. ज्यांना लघवीचा त्रास आहे त्यांना आधी जाऊ द्यावे. रात्री दहानंतर मोबाइलचा आवाज बंद. पैसे ज्याचे त्याने अंगावर बाळगावेत. चौघांच्या घरचे फोन नंबर, औषधे आणि इमारतीचा क्रमांक एका कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवावा. अजीजियाच्या इमारती एकसारख्या दिसतात. वाट चुकलेल्या माणसाला शोधताना हाच कागद उपयोगी पडतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. सब्र म्हणजे सगळे गप्प राहून सोसणे नाही. चौघांच्या खोलीत पाचवी खाट टाकली, नळाला पाणी नाही, एसीच बंद आहे, तर खोलीतल्यांनी एकमेकांवर राग काढू नये आणि मुकाट बसूही नये. आपल्या गटासोबत आलेल्या हज इन्स्पेक्टरला, म्हणजे ज्यांना आपण खादिमुल हुज्जाज म्हणत आलो त्यांना, चौघांनी मिळून सांगावे. हजचा महिना दरवर्षी 10-11 दिवसांनी अलीकडे सरकतो. 2024 च्या हजमध्ये मक्केत पारा 51.8 अंशांवर गेला आणि सौदी सरकारच्या आकड्याप्रमाणे 1,301 जणांचा मृत्यू झाला. त्यांतले बहुतेक परवान्याशिवाय आलेले, उन्हात लांबवर चालणारे होते. अशा उन्हात बंद एसीची तक्रार करणे ही जीव वाचवण्याची गोष्ट आहे. खोलीतला कोणी दिवसभर उठला नाही, जेवला नाही, वेड्यासारखे बोलू लागला, तर ‘थकले असतील’ म्हणून सोडू नये. तिथल्या भारतीय दवाखान्यात कळवावे.

आपल्या जिल्ह्यातली किती तरी मुले आखाती देशांमध्ये कामाला आहेत. तिथे ती खोली नव्हे, फक्त ‘बेड स्पेस’ भाड्याने घेतात. एक दिवसपाळीला गेला की दुसरा रात्रपाळीवरून येऊन झोपतो, असेही चालते. ती मुले अशीच वर्षे काढतात. हजला निघालेल्या अब्बा-अम्मींनी निघण्यापूर्वी अशा एखाद्या मुलाला फोन करून विचारावे, की बेटा, तुम्ही कसे निभावता? तो जे सांगेल ते कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

आणि परतीच्या वेळी, पाच लिटर जमजमच्या कॅनची आणि बॅगांच्या वजनाची चिंता सुरू होण्याआधी, चौघांनी पुन्हा एकदा खोलीत बसावे. निघताना आपण मोहल्ल्यातल्या ज्या माणसांची माफी मागितली होती, त्यांतल्या बऱ्याच जणांना आपण कधी दुखावलेही नव्हते. या तिघांना मात्र नक्की दुखावले आहे. एसीवरून, नळावरून, घोरण्यावरून, एखाद्या नजरेने. ती माफी तिथेच मागावी आणि तिथेच द्यावी. नागपूरला विमान उतरले की प्रत्येक जण आपापल्या गाडीने निघून जातो, आणि राहिलेली गोष्ट मग वर्षानुवर्षे राहून जाते.